विदुराघरचे ताट आणि शेजारचा डबा

उद्योगपर्वातील कृष्णशिष्टाईचा प्रसंग आपल्या मंदिरात अनेकदा निरूपणास आलेला आहे. भगवान हस्तिनापुरास आले असता दुर्योधनाने त्यांस भोजनाचे आमंत्रण दिले. राजवाड्याचा थाट, पक्वान्नांची सिद्धता, कशासच उणे नव्हते. भगवंतांनी ते आमंत्रण नाकारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, दुसऱ्याचे अन्न दोनच कारणांनी घ्यावे. वाढणाऱ्याच्या ठायी प्रीती असावी, अथवा खाणाऱ्यावर आपत्ती आलेली असावी. येथे प्रीती नाही आणि आपत्तीही नाही. मग ते विदुराच्या घरी गेले आणि तेथे जेवले. विदुर दासीपुत्र होता हे सर्वांस ठाऊक होते, भगवंतांसही.

हे ऐकून आपण माना डोलावतो आणि घरी येतो. घरी आल्यावर काय घडते ते आज सांगावयाचे आहे. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमच्याच घरचा आहे.

आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब राहते. दोन पिढ्यांची घसट आहे. दिवाळीत आमच्याकडून चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू त्यांच्याकडे जातात आणि ते ते आवडीने खातात. ईदेला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा येतो. एके वर्षी तो डबा आला, हसतमुखाने घेतला गेला, ओट्याच्या कडेला राहिला, आणि संध्याकाळी भांडी घासणाऱ्या बाईंच्या हाती गेला. असे आधीही होत असे. त्याची कधी वाच्यता होत नसे. दोन दिवसांनी शेजारची मुलगी आली आणि तिने विचारले, “काकू, कसा झाला होता?” घरातून उत्तर गेले, “फार छान! खारका तर किती सुरेख शिजल्या होत्या.” मुलगी काही बोलली नाही. त्या वर्षी त्यांनी खारका घातल्याच नव्हत्या.

आम्ही त्या रात्री विचार केला. दूध, शेवया, तूप, साखर, बदाम, चारोळी. यांतील कोणता पदार्थ आम्हांस वर्ज्य होता? एकही नाही. मग वर्ज्य काय होते? तो ज्या हातांनी शिजला ते हात. याचे उत्तर मनाशी देताना मान खाली गेली.

कोणी म्हणेल, आमचे सोवळे आहे, आमचा नेम आहे. नेमाविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. मांस खात नाही त्याने मांस खाऊ नये, आणि तसे मित्रास मोकळेपणाने सांगावे. परंतु ताटातील वस्तूविषयीचा संयम हे व्रत, आणि वाढणाऱ्या हाताविषयीची अढी हा विटाळ. दोहोंस एकच नाव देऊन आपण आपली सोय करून घेतली आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले, तेथे रस, तिखटपणा, शिळेपणा, उष्टेपणा यांचा विचार आहे. स्वयंपाक करणाऱ्याच्या जातिधर्माचा तेथे उल्लेख नाही.

या अढीने मोठमोठ्यांस किती छळले, ते पुण्यातील पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून दिसते. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनमध्ये व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी नावे छापविली आणि गावात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनीही १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. एका पेल्यासाठी! चहात काय दोष होता असे त्या वादात कोणी विचारले नाही. तो कोणी दिला, एवढाच प्रश्न होता.

त्याआधी तीनशे वर्षे पैठणास एकनाथ महाराज होऊन गेले. श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या वासाने भुकेलेल्या अंत्यजांस त्यांनी तेच अन्न वाढले, ही कथा सर्वांस पाठ आहे. परंतु चरित्रकार दुसरीही गोष्ट सांगतात, की एका महार भक्त दांपत्याचे आमंत्रण नाथांनी स्वीकारले. ही दुसरी कथा आपण कमी सांगतो. वाढण्यात मोठेपणा आपल्याकडे राहतो. दुसऱ्याच्या घरी पाटावर बसून घेण्यात तो सोडावा लागतो, हे कारण असेल काय?

नाथांच्या हयातीतच आपल्या बुऱ्हाणपुरात फारुकी सुलतान आदिलशहाने जामा मशीद बांधविली आणि तिच्या भिंतीवर अरबीसमवेत संस्कृत लेख कोरविला. १५९० च्या त्या लेखात हिजरी सनाबरोबर विक्रम संवत आणि शकही आहेत, तिथी आणि नक्षत्रही आहे. आपल्या गावचे मांडेच पाहा. खानदेशी घरात पुरणाचे मांडे खापरावर भाजतात, आणि बाजारात मुसलमान कारागीर तळहातावर झुलवून पातळ मांडे उलट्या कढईवर टाकतात. नाव एक, हातांची किमया जवळजवळ एक. बोहरा बंधूंकडे एका थाळाभोवती सारे बसतात आणि आरंभी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवतात. ज्यास मिठाला जागणे म्हणजे काय ते कळते, त्यास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

नेम त्यांचेही असतात, ते आपण जाणले पाहिजेत. देवापुढे ठेवलेला नैवेद्य काही मुसलमान घरांत घेत नाहीत. तेथे रागावण्याचे कारण नाही, नैवेद्यापूर्वीच त्यांचा वाटा वेगळा काढावा. जैन स्नेह्यांस सूर्यास्तापूर्वी बोलवावे, कांदा, लसूण, बटाटा टाळावा. एवढे विचारण्यास एक वाक्य लागते.

पुढच्या ईदेला डबा आला तेव्हा आम्ही सर्वांनी पाने मांडून तो खाल्ला. रिकामे भांडे परत करू नये म्हणून त्यात घरचे पुरण भरले आणि डबा देण्यास स्वतः गेलो. मागील वर्षीची गोष्टही तेथे सांगून टाकली. त्या घरच्या वृद्ध माउली हसल्या आणि म्हणाल्या की, हे त्यांस त्याच दिवशी कळले होते. तरी डबा मात्र पाठवायचाच, असे त्यांनी घरात ठरविले होते.