टेप कोणी पाठवल्या?

मिशाएल हानेकेचा 'काशे' हा २००५ सालचा फ्रेंच सिनेमा पाहिलेला माणूस भेटला की पहिला सवाल हाच. पॅरिसमधल्या जॉर्ज या टीव्ही-निवेदकाच्या दारात व्हिडिओ टेप येऊन पडतात. टेपमध्ये त्याच्याच घराचं लांबलचक चित्रण. तो स्वतः कॅमेऱ्याजवळून चालत गेलेला दिसतो, पण त्याला कॅमेरा दिसलेला नाही.

त्याचा संशय माजिदवर. माजिदचे अल्जीरियन आईवडील जॉर्जच्या वडिलांच्या शेतावर कामाला होते. १७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसमध्ये अल्जीरियनांच्या मोर्चावर पोलीस तुटून पडले, माणसं सेन नदीत फेकली गेली. ते दोघे परतलेच नाहीत. पोरका माजिद दत्तक घेतला जाणार होता. सहा वर्षांच्या जॉर्जनं खोटंनाटं सांगून ते हाणून पाडलं. माजिद अनाथालयात गेला.

सहा वर्षांचं पोर गुन्हेगार कसं? शरीअतही नाबालिगाला जबाबदार धरत नाही. (अशा खोट्या तक्रारी पहिलीच्या वर्गात रोजच्याच.) हिशेब आहे तो प्रौढ जॉर्जचा. इतक्या वर्षांनी तो माजिदच्या दारी जातो तो धमकी द्यायला. माजिद त्याच्यासमोर स्वतःचा गळा चिरतो. जॉर्ज घरी येऊन गोळ्या घेतो, पडदे ओढतो आणि झोपतो.

माजिद टेपचा इन्कार करतो, त्याचा मुलगाही. मला दोघे खरे वाटतात. पाठवणारा शोधत बसणं हे जॉर्जचंच काम आहे, तेवढा वेळ माजिदचा विचार करावा लागत नाही. शेवटी शाळेच्या पायऱ्यांवर दोघांची मुलं काहीतरी बोलतात. शब्द ऐकू येत नाहीत, आणि गर्दीत ती अनेकांना दिसतही नाहीत.