फाइल फिरते, खसरा जागेवर असतो

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात एका शेताचे कागद गोळा करायला निघालेला माणूस दिवसभर फिरत राहतो. सातबारा पटवाऱ्याकडे, नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, पीककर्जाचे कागद सोसायटीत नाहीतर बँकेत. वैनगंगेकडच्या बाजूला शेत असेल आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली त्याचा तुकडा गेला असेल, तर भूसंपादनाचा निवाडा आणखी वेगळ्या कार्यालयात. शेत एकच असते, मिरची किंवा सोयाबीन त्याच मातीत येते, पण प्रत्येक टेबलाला त्यातला आपल्या कामापुरताच भाग ठाऊक असतो. सगळे मिळून शेत कोणालाच ठाऊक नसते.

कामकाज सुधारायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो फाइलचा. ती कुठे अडली, किती दिवस पडून राहिली, कोणाची सही बाकी आहे? मग भिंतीवर बाणांची आकृती लागते, मुदती ठरतात, संगणक येतो. हे सगळे उपयोगाचे असते. तरीही या पद्धतीत फाइल मुख्य होते आणि ज्या शेतासाठी ती उघडली ते शेत तिच्यातला एक रकाना होऊन बसते. संगणकशास्त्रातल्या ऑब्जेक्ट विचाराने नेमकी हीच मांडणी उलटवली. आधी वस्तू ठरवा: शेत, खातेदार, कर्ज, ऑर्डर. प्रत्येक वस्तूने स्वतःची माहिती स्वतःजवळ ठेवावी, आपल्या बाबतीत काय घडू शकते याचे नियमही तिच्याजवळच असावेत, आणि बाहेरच्याने तिच्या आत हात न घालता तिला विचारून काम करून घ्यावे. टेबलांचा क्रम त्यानंतर.

हा विचार ओस्लोत जन्मला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्युगोर या दोघांनी 1960च्या दशकात नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये सिम्युला ही भाषा घडवली. 1967च्या तिच्या आवृत्तीत वर्ग, वस्तू आणि एका वर्गाने दुसऱ्याचा वारसा घेणे या कल्पना पहिल्यांदा एकत्र आल्या. न्युगोर मूळचा संक्रिया संशोधनातला. रांगा, वाहतूक, कारखान्यातले काम अशा खऱ्याखुऱ्या व्यवहारांचे वर्णन संगणकावर कसे करायचे, हा त्याचा प्रश्न होता. म्हणजे प्रोग्रामिंगची ही पद्धत पुढे कधीतरी व्यवहाराला लावली गेली असे नाही. व्यवहाराचे वर्णन करता करताच ती तयार झाली.

न्युगोरची पुढची वाटचाल फारशी सांगितली जात नाही, आणि तीच अधिक महत्त्वाची आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तो नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागला. कारखान्यात संगणकप्रणाली येणार असेल तर ती कशी असावी हे कामगारांनाही कळले पाहिजे आणि त्यात त्यांचे म्हणणे असले पाहिजे, यासाठी ते काम होते. वस्तू कोणत्या आणि त्यांच्या सीमा कुठे, हे जो ठरवतो तो पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरवून टाकतो, हे ज्याने ही पद्धत घडवली त्यालाच लवकर जाणवले होते. 2001चा ट्युरिंग पुरस्कार डाल आणि न्युगोर दोघांना मिळाला आणि पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, दोघेही गेले.

उद्योगजगतात 1990 साली व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमरच्या कामकाजाच्या फेररचनेवरच्या एका लेखाने खळबळ उडवली. त्यातले फोर्ड कंपनीचे उदाहरण आजही देतात. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात 500हून अधिक माणसे होती. खरेदीची ऑर्डर, माल पोचल्याचा कागद आणि पुरवठादाराचे बिल यांतल्या 14 बाबी जुळल्याशिवाय पैसे निघत नसत, आणि माणसांचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांमागे जाई. नव्या पद्धतीत ऑर्डर एकाच सामायिक नोंदीत गेली. माल दारात आला की तिथल्याच माणसाने ती नोंद पाहायची, माल जुळला तर घ्यायचा, नाहीतर परत पाठवायचा. बिलाची गरजच उरली नाही आणि विभागातली माणसे तीन-चतुर्थांशाने कमी झाली. ऑब्जेक्टच्या नजरेने पाहिले तर तीन कागदांच्या जागी एक ऑर्डर आली, आपली सद्यस्थिती स्वतः सांगणारी. 1990च्या दशकाच्या मध्यावर संगणकतज्ज्ञ इव्हार जेकबसनने हीच दिशा पुस्तकातून पद्धतशीर मांडली. ग्राहकाला बाहेरून काय हवे आहे ते आधी लिहावे आणि त्याला लागणाऱ्या वस्तू मग आत शोधाव्यात, असा त्याचा आग्रह होता.

महाराष्ट्राला हे परके वाटायचे कारण नाही. महसुलाचे गाव नमुने या नजरेने उघडून पाहावेत. नमुना 7 म्हणजे शेताची आजची स्थिती: मालक कोण, क्षेत्र किती, इतर हक्कांत कोणाचा बोजा. नमुना 12 मध्ये पिके. नमुना 8अ मध्ये खातेदाराच्या बाजूने तीच जमीन, म्हणजे त्याच्या नावावरचे सगळे तुकडे एकत्र. आणि नमुना 6, फेरफार नोंदवही, यात घटना. खरेदी झाली, वारस लागले, कर्ज चढले, कर्ज फिटले, प्रत्येकाला फेरफार क्रमांक, आणि तोच क्रमांक सातबाऱ्यावर. खालच्या क्रमांकांवर बोट ठेवत मागे गेले की त्या शेताचा इतिहास हाती लागतो. जमीन महसूल संहिता 1966 ने रीतही घालून दिली आहे. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यायची, पटवाऱ्याने नोंद घेऊन संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी 15 दिवस थांबायचे, वाद निघाला तर तो वेगळ्या नोंदवहीत घ्यायचा आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. स्थिती, घटना आणि नियम अशा तिन्ही गोष्टी कागदावर होत्या.

कागदाला एक जमत नव्हते. फेरफार न होता सातबाऱ्यावर कोणी शाईने काही बदलले, तर कागद त्याला अडवू शकत नसे. ई-फेरफार या संगणकीय प्रणालीची खरी कमाई इथे आहे. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती फेरफारासाठी पुढे जाते, आणि मालकाच्या रकान्यापर्यंत पोचायची नेहमीची वाट फेरफारातूनच जाते. लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी संहितेच्या कलम 155 ची वाट वेगळी आहे, तिथे आदेश लागतो. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण घरबसल्या मिळणाऱ्या उताऱ्यापेक्षा, नोंदीच्या आत परस्पर हात घालता न येणे ही सुधारणा मोठी आहे.

उणीव राहिली ती माणसाच्या जागी. सातबाऱ्यावर शेत ही वस्तू झाली, माणूस मात्र नुसते नाव राहिला. तो वारला तर जन्म-मृत्यूच्या नोंदीत ते लागते, शेताला पत्ता नसतो. वर्षे जातात, मुलांपैकी एक नागपुरात, एक गावात, मुलगी सासरी, आणि कर्ज किंवा विमा काढायची वेळ आली की आजोबांचे नाव आडवे येते. राज्य सरकारने एप्रिल 2025 मध्ये जिवंत सातबारा मोहीम राज्यभर घेतली ती याच कारणाने. गावोगाव चावडी वाचन झाले, सातबाऱ्यावरची नावे मोठ्याने वाचली गेली आणि कोण हयात नाही हे गावाने सांगितले. मोहीम चांगली, पण ती घ्यावी लागते यातच रचनेतली फट दिसते. मृत्यूची नोंद होताच त्या व्यक्तीचे 8अ खाते आणि त्याखालचे सगळे खसरे, म्हणजे क्रमांक पडलेले जमिनीचे तुकडे, आपोआप पुढे आले पाहिजेत, वारसनोंदीचा मसुदा पटवाऱ्याकडे पोचला पाहिजे आणि सासरी गेलेल्या लेकीलाही निरोप गेला पाहिजे.

एकाच घटनेत अशा अनेक वस्तू गुंतलेल्या असतात, या मुद्द्यावर विल वान डेर आल्स्ट या डच संशोधकाने गेल्या काही वर्षांत भर दिला आहे. संगणकातल्या नोंदींवरून खरे काम कसे चालते ते शोधण्याच्या शास्त्राचा तो अग्रणी. जुन्या पद्धतीत प्रत्येक घटना एकाच प्रकरणाला बांधायची सक्ती होती. समजा, एका वारस फेरफारात तीन खसरे आणि चार वारस आहेत. मंडळ अधिकाऱ्याने तो एकदाच प्रमाणित केला. खसऱ्यानुसार मोजले तर तीन प्रमाणने दिसतात, वारसांनुसार चार. काम एक, आकडे दोन, दोन्ही चुकीचे, आणि अशाच आकड्यांवरून कोण किती काम करतो हे ठरवले जाते. एक घटना अनेक वस्तूंना जोडता यावी यासाठी 2020 मध्ये नोंदींचा नवा मानक नमुना पुढे आला. फेरफाराच्या वहीत हे आधीपासून सहज चालत आले आहे.

कुहीत हा प्रश्न सर्वांत जास्त टोचतो तो पुनर्वसनात. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. धरण पवनी तालुक्यात, पण त्याच्या पाण्यासाठी कुही तालुक्यातल्या गावांनाही उठावे लागले. जमिनीचे मोजमाप करता येते. कुटुंबाचे काय? भरपाई, भूखंड, प्रकल्पग्रस्ताचा दाखला हे सगळे कुटुंब या घटकाभोवती फिरते आणि त्याची व्याख्या कायद्यात असते. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात प्रत्येक सज्ञान व्यक्ती, स्त्री असो की पुरुष, वेगळे कुटुंब धरली जाते. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या स्त्रियाही. एका घरात आई, दोन सज्ञान मुलगे आणि माहेरी परतलेली बहीण असेल, तर व्याख्येनुसार ते एक कुटुंबही ठरू शकते किंवा अनेक. प्रणाली लिहिणाऱ्यासाठी ती एक ओळ असते, त्या बहिणीसाठी भूखंड. आणि 1988 मध्ये शाळेत जाणारे मूल पाणी चढेपर्यंत स्वतः लेकुरवाळे झालेले असते. कोणत्या तारखेचे कुटुंब मोजायचे हे कोणतीही प्रणाली स्वतः सांगू शकत नाही.

विदर्भात निस्तार पत्रक नावाचा आणखी एक कागद आहे. गावची गुरे कुठे चरतील, जळण कुठून आणायचे, अशा सामाईक वहिवाटी त्यात असतात. वाजिब-उल-अर्जमध्ये वाट, पाणी, मासेमारीचे रिवाज. यांना एक खातेदार नाही, म्हणून खसऱ्याभोवती उभारलेल्या नव्या प्रणालीत ते कडेला पडतात. गाव उठते तेव्हा शेताला दर मिळतो, घराला मिळतो. चराईच्या वाटेसाठी बोलायला कोणी नसते, कारण ती कोणाच्याच नावावर वस्तू म्हणून नोंदलेली नाही.

म्हणून चावडी वाचनाकडे नुसती मोहिमेची पायरी म्हणून पाहू नये. न्युगोरने धातुकामगारांसाठी जे मागितले ते इथे गावाच्या ओट्यावर होऊ शकते. नावे वाचून झाली की कुटुंबांची यादीही वाचावी, निस्तार पत्रकही वाचावे, आणि पुनर्वसित गावठाणात पहिल्यांदा वाचावे. कोण वेगळे घर करून राहतो, कोणती बहीण यादीतून सुटली, गुरांची जुनी वाट आता कुठून जाते, हे तिथल्या बायामाणसांना तोंडपाठ असते. ते लिहून घेणाऱ्याच्या पडद्यावर त्यासाठी रकाना आधीपासून असला पाहिजे.