कर्ज देणाऱ्याचे ऋण

रस्ता ही वाईट गोष्ट आहे असे कोणी म्हणणार नाही. पावसाळ्यात चिखलाने वाट बंद झाली की खेड्यातली अवघडलेली बाई, आजारी म्हातारा आणि शाळेत निघालेले पोर अशी तिघेही एकदमच जगापासून तुटतात. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना रस्त्याचे माहात्म्य पटवून द्यावे लागत नाही. आपल्याकडे प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली ती २५ डिसेंबर २००० रोजी, ऐन नाताळच्या दिवशी. पुढे या योजनेसाठी जागतिक बँकेने आणि आशियाई विकास बँकेनेही कर्जे दिली. तेव्हा साता समुद्रापलीकडच्या पैशाने खेड्यात डांबर येते, याचे आपल्याला आता नवल उरलेले नाही. अस्वस्थ करणारा प्रश्न निराळाच आहे. त्या पैशाने रस्त्याच्या सोबतीने पापही गावात आले, तर त्याचा धनी कोण? आणि ते उघडकीस येताच पैसे देणाऱ्याने हात आखडता घेतला, तर त्याला न्याय म्हणावे की पिलाताप्रमाणे हात धुणे?

हा प्रश्न आम्ही हवेत उभा करीत नाही. तो युगांडात घडलेला आहे.

युगांडा म्हटले की आपल्या धर्मग्रामातील वाचकांना संत चार्ल्स लुआंगा आणि त्यांचे सोबती आठवतात. राजा म्वांगाच्या दरबारातील सेवक-मुलांचा हा तरुण प्रमुख राजाच्या वासनेपासून त्या मुलांना दूर राखीत असे. ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो येथे त्याला जिवंत जाळण्यात आले. श्रद्धेसाठी मरण पत्करणारा म्हणून आपण त्याचा सण पाळतो. परंतु आपल्या हवाली केलेल्या लेकरांच्या अब्रूसाठी तो उभा राहिला होता, ही बाजू आपल्या प्रवचनांत जरा कमीच येते.

त्याच देशाच्या पश्चिमेस, रुवेन्झोरी पर्वताच्या परिसरात, फोर्ट पोर्टल नावाचे शहर आहे. तेथून कामवेंगेपर्यंतचा सुमारे ६६ किलोमीटरचा कच्चा रस्ता पक्का डांबरी करावयाचा होता. जागतिक बँकेने २००९ साली मंजूर केलेल्या एका मोठ्या वाहतूक प्रकल्पात हे काम मोडत होते. नंतरची वाढीव रक्कम धरून तो प्रकल्प २६ कोटी ५० लक्ष डॉलरचा झाला. कर्ज बँकेचे, कर्जदार युगांडा सरकार, देखरेख सरकारच्या रस्ते प्राधिकरणाची आणि प्रत्यक्ष काम एका चिनी कंत्राटदार कंपनीचे, अशी ती साखळी होती. रस्त्याच्या कडेला किबालेचे अरण्य आणि बिगोदीसारखी लहान गावे. जिथे रोख पैसा क्वचित दिसतो अशा त्या मुलखात बाहेरगावचे मजूर येऊन राहिले. घरापासून दूर, महिन्याच्या मजुरीचे पैसे खिशात आणि वर कोणाचा डोळा नाही. पुढे काय झाले ते आम्ही तपशिलाने लिहिणार नाही. शाळकरी वयाच्या मुली त्यांच्या वासनेला बळी पडल्या. कित्येकींची शाळा सुटली, काही कोवळ्या वयात माता झाल्या, आणि एड्सची भीती घराघरांत शिरली. याखेरीज जमिनीचा मोबदला, धूळ, भरधाव वाहने यांच्या तक्रारी होत्याच.

गावकऱ्यांनी २०१४ साली जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे दाद मागितली. ऑक्टोबर २०१५ मध्ये बँकेने पैसा थांबविला आणि डिसेंबरात उरलेले कर्ज रद्द केले. तपासणी मंडळाचा अहवाल २०१६ साली आला. प्रकल्पाची आखणी करताना आणि देखरेख ठेवताना खुद्द बँकेकडूनही गंभीर कसूर झाल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. बिगोदीच्या गावकऱ्यांनी जे दार ठोठावले ते दार मुळात उघडले, त्यामागे नर्मदाकाठच्या आदिवासींचे मोठे श्रेय आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारख्या गावांनी धरणाला दिलेल्या झुंजीचा आवाज वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, तिचा कठोर अहवाल १९९२ साली आला, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज आपणहून नाकारले. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. मणिबेलीच्या माणसांनी युगांडाचे नाव तरी ऐकले होते की नाही कोण जाणे! पण त्यांनी भोगलेल्याचा उपयोग एकवीस वर्षांनी बिगोदीच्या आईबापांना झाला.

मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजू कडू आहे. बँक नर्मदेवरून निघून गेली, पण धरण थांबले नाही. ते देशाच्याच पैशाने पूर्ण उंचीला गेले आणि २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. बँक गेली तशी तिच्या अटींची, पाहणीची, बाहेरच्या डोळ्यांची जी थोडीबहुत धास्ती होती तीही गेली. युगांडातही रस्त्याचे काम सरकारने स्वतःच्या तिजोरीतून पुढे नेले. गावकऱ्यांची तक्रार मुळी रस्त्याविरुद्ध नव्हतीच. रस्ता करताना झालेल्या हानीविरुद्ध होती. त्यावर ‘तुमचे कर्जच रद्द’ हे उत्तर कितपत लागू पडते?

बँकेच्या बाजूने बोलणारे म्हणतील, बँक ही बँक आहे, पोलीस ठाणे नव्हे. गुन्हा केला मजुरांनी, नजर ठेवायची होती कंत्राटदाराने, कंत्राटदारावर नजर ठेवायची होती प्राधिकरणाने. वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्याने बिगोदीतल्या रात्रीचा हिशेब कसा द्यावा? युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. साखळी जितकी लांब, तितका प्रत्येकाच्या वाट्याला येणारा दोष पातळ होत जातो, आणि अखेरीस गावात दोषी म्हणून उरतो तो एक पळून गेलेला मजूर.

पण आपल्या नीतिपरंपरेने हा प्रश्न फार पूर्वी हाताळलेला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी नुकसानभरपाईचा विचार करताना, स्वतः हात न लावताही माणूस दुसऱ्याच्या हानीचा देणेकरी कसा होतो याच्या परी सांगितल्या आहेत. आज्ञा देणारा, सल्ला देणारा, संमती देणारा यांच्याबरोबरच गप्प राहणारा आणि न अडवणारा हेही त्या यादीत आहेत. मात्र न अडवणाऱ्यावर भरपाईचे बंधन केव्हा येते? तर अडवणे हे त्याचे कर्तव्य असेल तेव्हा. वाटसरूने चोरी पाहिली आणि तो गप्प राहिला, तर त्याचा दोष एक. राखणदार गप्प राहिला तर तो भरपाईला बांधील. आता, जी बँक कर्जाच्या करारातच पर्यावरणाच्या, पुनर्वसनाच्या, देखरेखीच्या अटी लिहून घेते, ती स्वतःला वाटसरू म्हणवू शकते काय? अट लिहिली त्याच क्षणी ती राखणदार झाली. आमच्या मते सारा निवाडा येथेच होतो.

आणि राखणदार चुकला तर त्याने नोकरी सोडून निघून जावे, याला भरपाई म्हणत नाहीत. शिक्षा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज रद्द करणे ही शिक्षा होती, सरकारला आणि कंत्राटदारांना धडा होता, आणि तो देणे आवश्यक होते हे आम्हांला मान्य आहे. त्याचे परिणामही झाले. बाहेरून येणाऱ्या मजुरांविषयी बँकेने नवे नियम केले; आणि स्त्रिया व मुलांवरील अत्याचार रोखण्याची अट न पाळणाऱ्या कंत्राटदाराला दोन वर्षे बँकेच्या पैशाची कामे मिळणार नाहीत, असे २०२० साली जाहीर केले. पुढच्या मुलींसाठी हे चांगलेच. पण ज्या मुलींचे नुकसान होऊन गेले त्यांचे देणे निराळे आहे. त्यांच्यासाठी उपचार आणि शिक्षणाचे मदतकार्य उभे राहिले खरे. परंतु २६ कोटींच्या गोष्टीत ते तळटीपेसारखे वाटते.

येरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवरचा शोमरोनी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याची दया आपल्या ध्यानात राहते, त्याचा व्यवहार राहत नाही. उतारशाळेच्या रखवालदाराला त्याने दोन नाणी दिली आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन असे सांगितले. पैसे देऊन तो मोकळा झाला नाही, परत येण्याला बांधला गेला. खरे पाहता त्या माणसाला त्याने लुटलेही नव्हते. जिथे आपलाच पैसा हानीच्या मुळाशी आहे, तिथे हे बंधन कमी होते की वाढते, हे वाचकांनीच ठरवावे.

पोप सहावे पॉल यांनी युगांडाच्या हुतात्म्यांना १८ ऑक्टोबर १९६४ रोजी संतपद दिले, आणि अवघ्या सहा-सात आठवड्यांनी ते मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेससाठी आले. शस्त्रांवर उधळल्या जाणाऱ्या पैशातून गरीब राष्ट्रांसाठी एक जागतिक निधी उभारावा, अशी हाक त्यांनी मुंबईतच दिली. १९६७ च्या विकासविषयक विश्वपत्रात त्यांनी ती पुन्हा मांडली, आणि देणारा व घेणारा यांच्यात संवाद हवा असे म्हटले. पैसा कसा वापरला जातो याची हमी मागण्याचा देणाऱ्याला अधिकार आहे. घेणाऱ्याच्या घरात ढवळाढवळ होऊ नये, हा घेणाऱ्याचा अधिकार आहे. या संवादात सरकारे येतात, बँका येतात. बिगोदीची आई त्यात कोठे बसते? तपासणी मंडळाने तिला एक खुर्ची दिली, पण अनर्थ होऊन गेल्यावर. रस्त्याची पहिली खडी पडण्यापूर्वी गावातल्या बायांना विचारले असते की, इतके परके पुरुष येथे राहणार, तुम्हांला कशाची भीती वाटते, तर त्यांनी अचूक उत्तर दिले असते. त्याला तज्ज्ञ लागत नाहीत.

राहता राहिला हिशेब. कर्ज रद्द होते ते न उचललेले. उचलून खर्च झालेले कर्ज रद्द होत नाही, ते फेडावेच लागते. गरीब देशांना दिल्या जाणाऱ्या अशा कर्जाची मुदत त्या काळी साधारणपणे ४० वर्षांची असे. व्याज जवळपास नाही, पण मुद्दल चुकत नाही. म्हणजे २००९ च्या कर्जाचे हप्ते २०४९ च्या सुमारास संपतील, आणि युगांडाचे सरकार ते लोकांच्या करांतूनच भरील. त्या रस्त्याच्या कामावेळी बिगोदीच्या एखाद्या शाळकरी मुलीच्या पोटी आलेले मूल तेव्हा चौतीस-पस्तीस वर्षांचे, कर भरणारे नागरिक असेल.