मोजणारा हात

एखादे काम आपण स्वतःच्या हाताने करतो, तेव्हा त्यातील दोषाला दुसरा धनी शोधता येत नाही. विकत आणलेली वस्तू बिघडली तर दुकानदाराकडे बोट दाखवता येते. घरी केलेल्या वस्तूच्या बाबतीत ते बोट आपल्याकडेच वळते. हे सत्य जेथे फार कठोरपणे कसाला लागते, अशा एका उद्योगाविषयी आम्ही येथे थोडा विचार करू इच्छितो. अमेरिकेत मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरने हरीण, अस्वल यांची शिकार करणारे अनेक जण आपली काडतुसे घरीच भरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातलेल्या आपल्या देशात हा उद्योग परका वाटेल. त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र परका नाही. काळजीपूर्वक केलेले काम केवळ तेवढ्यानेच चांगले ठरते काय?

काळजी तर या कामात पदोपदी लागते. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू भरायची, गोळी बसवायची आणि पुंगळीचे तोंड गोळीभोवती घट्ट दुमडायचे. दारू तोलतात ती ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. एका पौंडात असे ७,००० ग्रेन. काही दारू इतकी कमी जागा व्यापते की एकाच पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी ती ओसंडत नाही. म्हणून जाणता माणूस गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून डोकावतो. दारू भरायची राहून गेली तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते. ते न कळता दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. तोंड सैल राहिले तर एका बाराच्या झटक्याने चक्राच्या इतर घरांतील गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र फिरेनासे होते. समोर अस्वल असेल तर त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

या उद्योगाच्या इतिहासात आयडाहोच्या एल्मर कीथचे (१८९९-१९८४) नाव टाळता येत नाही. तरुणपणी त्याने .४५ कोल्टमध्ये जड गोळी आणि जास्तीची दारू भरली आणि रिव्हॉल्व्हरच फुटले. मग तो .४४ स्पेशलकडे वळला, तेवढ्याच चक्रात.४४ ची घरे किंचित अरुंद, म्हणून त्यांच्या भिंती जाड राहतात. वर्षानुवर्षे त्याने त्यासाठी जबर काडतुसे भरली आणि तशीच कारखान्यांनी काढावीत असा आग्रह धरला. १९५५ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी .४४ मॅग्नम सिद्ध केले. पुढे .४५४ कसूल आले, २००३ मध्ये.५०० स्मिथ अँड वेसन आले. .४५ कोल्टची दाबमर्यादा चौरस इंचाला १४,००० पौंड, .४४ मॅग्नमची ३६,०००, तर .४५४ कसूलची ६५,०००.

या चढत्या आकड्यांचे समर्थन बहुधा दयेच्या भाषेत केले जाते. जनावर एका गोळीत पडावे, जखमी होऊन रानात तडफडू नये. हे समर्थन खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. दुबळ्या काडतुसाने मोठ्या जनावरावर बार टाकणे ही निष्काळजी क्रूरताच होय. परंतु दारू वाढवल्याने नेम सुधारत नाही. उलट झटक्याच्या धास्तीने चाप ओढण्यापूर्वीच हात दचकतो आणि गोळी भलतीकडे जाते. म्हणजे दयेच्या नावाने वाढवलेला ग्रेन अखेर त्या जनावराच्याच वेदनेत जमा होण्याचा संभव असतो. तेव्हा तो ग्रेन दयेने वाढवला की अहंकाराने, हे तराजूचा काटा सांगत नाही. तो दारू तोलतो, हेतू नव्हे.

कीथच्याच आयुष्यातील एक प्रसंग येथे उद्बोधक आहे. दुसऱ्याच्या गोळीने घायाळ होऊन निसटू पाहणाऱ्या एका हरणावर आपण सुमारे ६०० यार्डांवरून .४४ मॅग्नम झाडले, सुरुवातीच्या गोळ्या चुकल्या आणि नंतर लागल्या, असे त्याने लिहून ठेवले. यावर पुष्कळ वाद झाला. आमच्या मते प्रश्न अंतराचा नाही. घायाळ जनावराला तसेच जाऊ देणे त्याहून वाईट होते. म्हणून तो बार समर्थनीय ठरतो. तेच अंतर, तेच काडतूस, तोच हात; समोरचे हरीण मात्र धडधाकट असते, तर तोच बार निंद्य ठरला असता.

काडतुसे भरणाऱ्यांच्या पुस्तकांतील तक्त्यांत दारूचे प्रारंभीचे आणि कमाल असे दोन आकडे असतात. शहाणा माणूस खालून सुरुवात करतो, हळूहळू वर जातो, टोपी चपटी झालेली किंवा पुंगळी घरात अडकलेली दिसताच थांबतो; आणि पुष्कळदा त्याला असे आढळते, की सर्वांत अचूक काडतूस कमाल आकड्याच्या खालीच असते. मेजावर शिकलेले हे थांबणे रानातही आठवले पाहिजे. जनावर फार दूर आहे, मध्ये झुडूप आहे, आपला हात आज स्थिर नाही, असे दिसताच भरलेले रिव्हॉल्व्हर खाली करता आले पाहिजे. त्यासाठी कोणत्याही पुस्तकात तक्ता नाही. तो आकडा ज्याचा त्याने, स्वतःच्या हाताने, आधीच ठरवून ठेवावा लागतो. आणि तो चुकला तर तेथेही दुसरा धनी सापडत नाही.