स्वतःविषयी सांगा

अभियांत्रिकी महाविद्यालयांत अंतिम वर्ष सुरू झाले की थोड्याच दिवसांत सूचनाफलकावर कंपन्यांची नावे लागू लागतात. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी साठ टक्के हवेत, एकही विषय राहिलेला नसावा, शिक्षणात खंड पडलेला नसावा, अशा अटी त्याखाली असतात. मग वसतिगृहातल्या खोल्यांत वह्या उघडल्या जातात. स्वतःविषयी सांगा, तुमच्या जमेच्या बाजू कोणत्या, उणिवा कोणत्या, आमच्याच कंपनीत का यायचे आहे, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, आम्ही तुम्हालाच का घ्यावे, हे प्रश्न त्या वह्यांत असतात. प्रश्न मोजकेच आहेत आणि सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची उत्तरेही आता सर्वांकडे आहेत. पूर्वी ती वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या वहीतून उतरवली जात, हल्ली भ्रमणध्वनीवर मागितली की क्षणात मिळतात.

गेली अनेक वर्षे मी एका ग्रामीण भागातील महाविद्यालयात अशा मुलाखतींचा सराव घेत आलो आहे. आमचे बहुसंख्य विद्यार्थी अल्पभूधारक शेतकरी, छोटे दुकानदार, एसटीतील कर्मचारी यांच्या घरांतून येतात. टेबलाच्या अलीकडे बसून त्यांची उत्तरे ऐकताना एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते. समोर बसलेली मुले परस्परांहून अत्यंत भिन्न आयुष्ये जगलेली असतात आणि बोलतात मात्र एकसारखे. प्रत्येक जण परिश्रमी असतो, प्रत्येक जण लवकर शिकणारा असतो, आणि प्रत्येकाचा दोष म्हणजे काम अगदी निर्दोष व्हावे असा त्याचा अट्टहास असतो.

याचा दोष मुलांवर टाकणे मला मान्य नाही. पाठांतरामागे भीती आहे, आणि ती निराधार नाही. मुलाखत इंग्रजीत होणार असते आणि ज्या भाषेत आपण कधी भांडलो नाही, कुणाची समजूत काढली नाही, त्या भाषेत स्वतःचे वर्णन करायचे असते. पाठ केलेले वाक्य निदान अर्ध्यावर तुटत नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्याकडे स्वतःविषयी बोलणे हे चांगल्या वळणाचे लक्षण मानलेले नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगताना आत्मस्तुती करणाऱ्याचा आणि वडिलांची कीर्ती सांगत बसणाऱ्याचा समावेश केला आहे. ग्रंथ न वाचलेल्या घरांतही ही शिकवण आईच्या बोलण्यातून पोहोचलेली असते. जे मूल वीस-एकवीस वर्षे ‘आपणच आपले गोडवे गाऊ नयेत’ हे ऐकत वाढले, त्याला एका सकाळी कोट घालून अनोळखी माणसांसमोर बसवायचे आणि आपले गुण सांगायला लावायचे, यात मोठी विसंगती आहे. परकी वाक्ये उसनी घेतली की हा संकोच टळतो, कारण ती बोलताना आपण आपल्याविषयी बोलत आहोत असे वाटतच नाही.

मात्र आत्मस्तुती आणि आत्मकथन यांतील भेद विद्यार्थ्याला कुणीतरी समजावून सांगितला पाहिजे. साक्षीदार न्यायालयात उभा राहतो तेव्हा त्याने स्वतःला प्रामाणिक म्हणवून घेण्याला काही मूल्य नसते. त्याने काय पाहिले, केव्हा पाहिले, कुठे उभे राहून पाहिले, एवढेच विचारले जाते. नोकरीच्या मुलाखतीतही उमेदवाराने आपल्या श्रमांची अशीच साक्ष द्यावी, असे मला वाटते.

एका विद्यार्थिनीचे उदाहरण येथे देतो. सॉफ्टवेअरच्या चाचणीशी संबंधित पदासाठी ती तयारी करत होती. सरावाच्या वेळी तिने नेहमीची उत्तरे सफाईने म्हणून दाखवली. अनुभवाच्या रकान्यात तिने ‘निरंक’ लिहिले होते. मी तिला मराठीत विचारले, की घरी असताना सकाळी काय करतेस? ती म्हणाली, “विशेष काही नाही सर, दूध संकलनावर बसते.” तिच्या भावाकडे गावातले संकलन केंद्र होते आणि सुट्टीच्या दिवसांत सकाळचा हिशेब ती सांभाळत असे. मी अधिक विचारत गेलो तेव्हा एक प्रसंग समोर आला. एका उत्पादकाच्या गाईच्या दुधाचे फॅट नेहमी साडेतीनच्या आसपास येई. त्या दिवशी यंत्राने बरेच कमी दाखवले. तो चिडला. तिने कॅनमधले दूध त्याच्यादेखत नीट ढवळून पुन्हा नमुना घेतला, कारण वरची साय मिसळलेली नसेल तर नमुना फसवा येतो. आकडा बदलला नाही. तेव्हा तिला शंका आली, की आदल्या संध्याकाळी यंत्र धुतलेच गेले नसावे. तिने यंत्र स्वच्छ केले आणि तिसऱ्यांदा नमुना लावला. आकडा पूर्ववत आला. उत्पादकाची तक्रार तेथे मिटली. पण रांगेत त्याच्या आधी दूध घालून गेलेल्या लोकांच्या बाटल्या मांडणीवर तशाच होत्या. तिने त्या सगळ्या पुन्हा तपासल्या, वहीतल्या नोंदी खोडून शेजारी नवे आकडे लिहिले आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे सही केली. त्या लोकांपैकी कुणीही तक्रार केली नव्हती, आणि दहा दिवसांचे बिल हातात पडेपर्यंत कुणाच्या ध्यानातही आले नसते.

मी तिला विचारले, हे तू मुलाखतीत का सांगत नाहीस? तिला प्रश्नच कळला नाही. ते घरचे काम होते.

आपल्या समाजात श्रमाची जी उतरंड आहे, ती या उत्तरात पूर्णपणे दिसते. ज्याचे प्रमाणपत्र मिळते ते काम, आणि ज्यावर घर चालते ती केवळ मदत, अशी वाटणी मुलांच्या मनात लहानपणीच पक्की झालेली असते. म्हणून दोन दिवसांच्या एखाद्या कार्यशाळेचा उल्लेख परिचयपत्रात ठळक अक्षरांत असतो आणि तीन उन्हाळे सांभाळलेल्या दुकानाचा नसतो. पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना चालते. ज्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम व शिक्षण यांची फारकत होऊ नये म्हणून आयुष्य वेचले, त्यांचे नाव त्या योजनेला आहे. तरीही ग्रंथालयात किंवा बागेत तासांवर काम करून शुल्क भरणारी मुले परिचयपत्रात ते काम लिहीत नाहीत. गरिबी उघड होईल अशी त्यांना धास्ती वाटते. ही धास्ती घालवणे हे मुलाखत-प्रशिक्षणाचे पहिले काम आहे असे मी मानतो. हस्तांदोलन आणि टायची गाठ यांचे प्रशिक्षण त्यानंतर सावकाश द्यावे.

वस्तुस्थितीचा हा आग्रह केवळ नैतिक नाही; त्याला अनुभवसिद्ध आधार आहे. १९५५ साली इस्रायलच्या सैन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, डॅनियल कानेमन यांच्यावर भरतीच्या मुलाखतींची नवी पद्धत आखण्याचे काम आले. त्यापूर्वी मुलाखतकार उमेदवाराशी मोकळ्या गप्पा मारून त्याच्याविषयी एक समग्र मत बनवत, आणि पुढील कामगिरीशी त्या मताचा फारसा मेळ बसत नसे. कानेमन यांनी सहा गुण निश्चित केले आणि प्रत्येकासाठी गत आयुष्यातील वस्तुस्थिती विचारणारे प्रश्न ठरवून दिले. आजवर कोणती कामे केलीस, वेळ कितपत पाळलास, मित्रांना किती वेळा भेटतोस, असे ते साधे प्रश्न होते. प्रत्येक गुणाला स्वतंत्र अंक द्यायचे होते. आमची यंत्रे करून टाकलीत, अशी मुलाखतकारांनी तक्रार केली. पण भाकिते पूर्वीपेक्षा बरीच सुधारली. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या मानसशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचा आरंभ अशा साध्या प्रश्नांतून झाला. दूध केंद्रावरची ती सकाळ कानेमन यांच्या मुलाखतकाराला पुष्कळ काही सांगून गेली असती. ‘मी लवकर शिकते’ या वाक्यातून त्याच्या हाती काहीच लागले नसते.

तयारीची रीतही यातूनच ठरते. मी विद्यार्थ्यांना आधी मराठीत लिहायला सांगतो, आणि विशेषणे वगळून लिहायला सांगतो. कुठे होतास, काय बिघडले होते, तू काय केलेस, त्यानंतर काय झाले, एवढेच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात पाण्याची व्यवस्था तुझ्याकडे होती, तर टँकर आला नाही त्या दुपारी तू कुणाला दूरध्वनी केलास ते लिही. मग ते लहान लहान इंग्रजी वाक्यांत आणायचे. अशा उत्तराचे शब्द विसरले तरी मूळ घटना विसरत नाही, आणि पुढचा अनपेक्षित प्रश्न आला तरी विद्यार्थी त्या घटनेत उभा असतो. पाठ केलेल्या उत्तरावर उपप्रश्न आला की मुलांचे चेहरे कसे पडतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

उणिवांचा प्रश्न अधिक कठीण आहे. त्याचे खरे उत्तर देणाऱ्याला शिक्षा होण्याची शक्यता असते आणि खोटे उत्तर विचारणाऱ्यालाही आधीच ठाऊक असते. अशा प्रश्नाने तरुण माणसाला त्याच्या व्यावसायिक आयुष्याच्या पहिल्याच दिवशी असत्याची सवय लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. तो विचारूच नये. पण विचारला जातो, तोवर मी एवढेच सांगतो की ज्या उणिवेवर तू खरोखर काही करतो आहेस, तीच सांग. चारचौघांत बोलताना शब्द अडतात म्हणून दर आठवड्याला वर्गात एक विषय मांडायला सुरुवात केली असेल, तर ते सांगण्यात कमीपणा नाही.

विचारणाऱ्याच्या कर्तव्याचीही येथे चर्चा व्हायला हवी. आपल्याकडे ती क्वचितच होते. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाविषयीच्या अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर अशी तक्रार होती, की दोन-तीन मिनिटांत उरकलेल्या मुलाखतीत आईवडील कोण आणि राहणार कुठले एवढेच विचारले गेले. लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. १९८० साली निकाल देताना न्या. भगवती यांनी मुलाखतीला एवढे वजन देणे मनमानीचे ठरवले, पंधरा टक्क्यांहून अधिक गुण त्यासाठी नसावेत असे म्हटले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करणे इष्ट ठरेल अशी सूचनाही केली. पुढे केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ स्तरावरील पदांच्या मुलाखती बंदच केल्या. खासगी कंपन्यांच्या दालनात मात्र असा कोणताही अंकुश नाही. तेथे न्याय होतो तो समोरच्या माणसाच्या सद्बुद्धीवर विसंबून. पाच वर्षांनंतरचा बेत एखाद्या विद्यार्थ्याला विचारणाऱ्या कंपनीने स्वतः दिलेल्या नियुक्तिपत्राची तारीख पाळलीच पाहिजे. रुजू होण्याच्या निरोपाची महिनोन्‌महिने वाट पाहणारी मुले आणि त्यांच्या घरांवरचे शैक्षणिक कर्जाचे हप्ते मी जवळून पाहिले आहेत.

शेवटी ज्या प्रश्नाने मला सर्वाधिक विचार करायला लावला, त्याविषयी लिहितो. शिक्षणातील खंडाचा तो प्रश्न आहे. अर्जासोबत मुद्रांक कागदावर खंडाचे प्रतिज्ञापत्र जोडता येते. मुलाखतीत मात्र कारण तोंडी सांगावे लागते. एका विद्यार्थ्याचे एक वर्ष वडिलांच्या डायलिसिसमध्ये गेले होते. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यांना घेऊन जायचे, तेथे चार तास बसायचे आणि परत आणायचे. वडील पुढे राहिले नाहीत. मित्रांनी त्याला सांगितले होते की ‘स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो’ असे सांग, सगळे तेच सांगतात. दुसऱ्या कुणी सांगितले होते की खरे सांग, सविस्तर सांग, त्याचा प्रभाव पडतो. त्याला दोन्ही गोष्टी करायच्या नव्हत्या. खोटे बोलले तर ते वर्ष पुसले जाते असे त्याला वाटत होते, आणि सविस्तर सांगितले तर वडिलांच्या आजारपणाच्या बळावर नोकरी मागितल्यासारखे होते.

त्याचे दोन्ही आक्षेप मला योग्य वाटले. दुःखाला आपल्या उपयोगासाठी वापरू नये ही त्याची जाणीव त्याच्या वयाच्या मानाने फार मोठी होती, आणि तिला धक्का न लावता उत्तर शोधायचे होते. आम्ही बराच वेळ बसलो. अखेर त्याने दोन वाक्ये लिहिली: त्या वर्षी वडील आजारी होते आणि त्यांची शुश्रूषा करणारा घरात मी एकटाच होतो. पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा प्रवेश घेतला आणि त्यानंतर एकही विषय राहू दिला नाही. ‘दुर्दैवाने’ हा शब्द त्याने आधी लिहिला होता. तो त्याने स्वतःच काढला.

मुलाखतीच्या दिवशी तो प्रश्न आला आणि त्याने ती दोन वाक्ये सांगितली. समितीतील एका बाईंनी मान हलवली, कागदावर काही लिहिले आणि डेटाबेसमधील नॉर्मलायझेशनविषयी पुढचा प्रश्न विचारला. त्या विषयाची त्याची तयारी चांगली होती.