इमान कशाशी?

गेल्या हिवाळ्यात एका परिसंवादात, आपण ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला तिच्यातील सर्वांत अवघड प्रकरण का गाळले, असा प्रश्न एका दिग्दर्शकाला कोणी विचारला, तेव्हा 'माध्यम बदलले की मूळ ग्रंथाशी इमान राखण्याची सक्ती उरत नाही, हे त्रुफोने सत्तर वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे' असे उत्तर त्याने दिले आणि सभागृहाने त्यावर टाळ्या वाजवल्या. ते प्रकरण त्या कादंबरीचा प्राण होते, असे माझे मत होते व आहे. परंतु मला अधिक दुःख झाले ते याचे, की ज्या माणसाने नेमक्या याच पळवाटेविरुद्ध लेखणी उचलली होती, त्यालाच तिचा साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले, आणि जमलेल्या सुविद्य श्रोत्यांपैकी कोणालाही, मलासुद्धा, त्या वेळी हरकत घेण्याचे सुचले नाही. ती हरकत आज नोंदवीत आहे.

'पुस्तकाची सर चित्रपटाला नाही' हे वाक्य आपण सारेच बोलतो आणि ते अनादी असल्यासारखे बोलतो. वस्तुतः ग्रंथाशी इमान ही कल्पना बरीच अलीकडची आहे. कीर्तनकाराच्या उत्तररंगातील आख्यान पोथीशी ताडून पाहण्याची आपल्याकडे वहिवाट नव्हती, आणि फाळक्यांनी १९१३ साली हरिश्चंद्र पडद्यावर आणला तो याच मोकळ्या परंपरेतून. इमानाचा प्रश्न प्रथम उभा राहिला तो मालकीच्या रूपाने: 'बेन हर' या कादंबरीवरून परवानगीवाचून काढलेल्या १९०७ च्या एका छोट्या चित्रपटाचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९११ साली तो प्रकाशकांच्या बाजूने निकाली निघाला, आणि दिवाणी हक्काची ती भाषा पुढे वाचकांच्या तोंडी नैतिक हक्काची भाषा होऊन बसली. बाबूराव पेंटरांनी हरिभाऊंच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला, व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मध्ये अन्ना कॅरेनिनाच्या चित्रपटीय अवतारावर खंत व्यक्त केली, नारायण हरी आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' १९३७ मध्ये 'कुंकू' झाली. हा सारा प्रवास सर्वश्रुत आहे आणि त्यात रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळायचे आहे ते १९५४ च्या जानेवारीत. त्या महिन्यात 'काइए द्यु सिनेमा' या मासिकात, वयाची बाविशीही न गाठलेल्या फ्रान्स्वा त्रुफोचा फ्रेंच चित्रपटाच्या एका विशिष्ट प्रवृत्तीवरील लेख प्रसिद्ध झाला. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा कर्ता, या मताची सनद म्हणून तो लेख आज ओळखला जातो. आणि कर्ता दिग्दर्शक असेल तर मूळ लेखकाचे बंधन कसले, असा पुढचा निष्कर्ष लोक आपल्या मनाने काढतात. लेख मात्र मुख्यतः रूपांतराविषयी आहे. ओरांश आणि बोस्त हे त्या काळचे दोन नामांकित पटकथाकार त्याचे लक्ष्य होते, आणि त्यांच्यावरचा त्याचा आरोप ते पुस्तकाला फार चिकटून राहतात असा नव्हता, तर ते पुस्तकाचा घात करतात असा होता. पुस्तकातील काही प्रसंग चित्रित होण्याजोगे असतात, काही नसतात, आणि जे नसतात त्यांच्या जागी तुल्यबळ असे नवे प्रसंग कल्पावेत, हा या जोडीचा सिद्धांत होता. त्रुफोचा प्रश्न साधा व जीवघेणा होता: एखादा प्रसंग चित्रित होण्याजोगा नाही, हे ठरवण्याची मुखत्यारी यांना दिली कोणी?

त्याने पुरावा दिला तो बेर्नानोसच्या, एका खेड्यातील तरुण धर्मगुरूची रोजनिशी असलेल्या कादंबरीचा. ओरांशची पटकथा बेर्नानोसने स्वतः नाकारली होती. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्या पापनिवेदनाच्या जागी शांताल ही मुलगी त्या गुरूसमोर येते आणि काळोखातून तिचा चेहरा हळूहळू दिसू लागतो, तो प्रसंग त्या पटकथेत अशक्य म्हणून बाजूला सारला गेला. आणि तोच प्रसंग ब्रेसाँने १९५१ च्या आपल्या चित्रपटात त्याच जागी, तशाच काळोखात घेतला. त्या चित्रपटावर आंद्रे बाझाँने त्याच वर्षी लिहिलेले विवेचन मी अनेकदा वाचले आहे, व दर वेळी थक्क झालो आहे. कादंबरी चित्रपटापेक्षा अधिक दृश्यमय आहे, हे त्याने दाखवून दिले. दिग्दर्शकाने डोळ्यांना सुखावणारे तेवढे गाळले आणि शब्द ठेवले. वहीवर चालणारा हात दिसतो, तेच वाक्य धर्मगुरूच्या आवाजात ऐकू येते, आणि शेवटी तर पडद्यावर केवळ एक क्रूस उरतो व त्यावर एका पत्राचे शब्द. डोंगर किंवा नदी यांना जसे आपल्या सोयीने हलवता येत नाही, तसे पुस्तक हे एक आधीच अस्तित्वात असलेले वास्तव मानून ब्रेसाँ त्याच्यासमोर उभा राहिला. त्यानेही पुष्कळ गाळले आहे. पण अवघड म्हणून काही गाळले नाही, आणि माझ्या मते साऱ्या वादाचा निवाडा या एका भेदावर होतो.

मग ही गल्लत झाली कशी? १९५७ साली ब्लूस्टोनचा ग्रंथ आला, कादंबरी आणि चित्रपट या दोन भिन्न जातीच्या कला असल्याने त्यांची तुलनाच गैरलागू, असा विचार विद्यापीठांत रुजला, आणि कर्तेपणाचा सिद्धांत त्याला येऊन मिळाल्यावर त्रुफोच्या लेखाचा उत्तरार्ध तेवढा स्मरणात राहून पूर्वार्ध दप्तरात पडून राहिला. त्याच्या पुढच्या आचरणाकडेही कोणी पाहिले नाही. 'ज्यूल ए जिम'मध्ये त्याने रोशेच्या कादंबरीतील गद्य निवेदकाच्या मुखाने भरभरून वाचून घेतले, आणि 'फॅरनहाइट ४५१'च्या अखेरीस बर्फात येरझाऱ्या घालीत एकेक ग्रंथ मुखोद्गत करणारी माणसे दाखवली. स्वातंत्र्याच्या नावाने पुस्तकाकडे पाठ फिरवणाऱ्याची ही लक्षणे नव्हेत.

घटना बदलूच नये, असे मी म्हणत नाही. दोन कादंबऱ्या एका पटकथेत गुंफूनही १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये मला अरुण साधूंचे मंत्रालय तत्काळ ओळखता आले. सत्यजित राय यांनी 'चारुलता'त त्याहून धाडसाची गोष्ट केली. रवींद्रनाथांच्या कथेत म्हैसूरला निघालेला भूपती आधी कचरतो, मग चारूला बरोबर ये म्हणतो, आणि ती एका शब्दात नकार देते. तो सारा भाग राय यांनी सोडला, त्यावरून त्यांच्यावर टीका झाली, आणि त्यांनी बंगालीत सविस्तर उत्तर दिले. परंतु त्या एका शब्दातील तुटलेपण त्यांनी टाळले नाही. चारू हात पुढे करते, भूपतीही करतो, आणि ते दोन हात एकमेकांना लागण्यापूर्वीच चित्र थिजते. दिवा हातात घेतलेला नोकरही जागच्या जागी थांबतो, आणि मग त्या स्तब्ध पडद्यावर बंगाली अक्षरांत रवींद्रनाथांच्या कथेचे नाव उमटते: 'नष्टनीड'.