सहा महिन्यांची नोकरी

१६ डिसेंबर हा विजय दिवस. १९७१ साली या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागतीच्या कागदावर सही केली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. त्याच दिवशी सकाळी, दूर पश्चिमेच्या आघाडीवर, शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडच्या जरपाल गावाजवळ एकवीस वर्षांचा एक अधिकारी आपल्या रणगाड्यात मारला गेला. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. देश आनंदात न्हाऊन निघाला, तेव्हा त्याच्या घरच्यांनीही युद्ध संपले म्हणून सुटकेचा श्वास टाकला असेल. तार नंतर आली.

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला हा मुलगा परका वाटण्याचे कारण नाही. त्याचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, पुण्यातला. लष्करी शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत झाले. १३ जून १९७१ रोजी तो ‘पूना हॉर्स’ या रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला. पेशवाईच्या अखेरच्या काळात, १८१७ साली उभी राहिलेली ही घोडदळाची तुकडी पुढे रणगाड्यांची झाली. आणि लढाईचे बोलावणे आले, तेव्हा अरुण होता आपल्यापासून अवघ्या ११० किलोमीटरवर, नगरला. तिथल्या रणगाडा दलाच्या शाळेत नव्या अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम चालू होता. तो अर्धवट सोडून सगळ्यांना आपापल्या रेजिमेंटकडे पाठवण्यात आले.

निघताना त्याच्या सामानात गोल्फच्या काठ्या होत्या आणि समारंभाचा निळा गणवेश होता. लाहोरला गोल्फ खेळायचे आहे आणि विजयाच्या मेजवानीला हा गणवेश लागेल, असे त्याने सांगितले होते.

अरुणच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण माझे मन दरवेळी या सामानापाशी थांबते. मरायला निघालेला माणूस गोल्फच्या काठ्या बांधून घेत नाही. हा मुलगा जिंकायला निघाला होता, आणि त्याहून जास्त म्हणजे परत यायला निघाला होता. आपण हुतात्म्याचा पुतळा उभारतो, त्याच्या गळ्यात हार घालतो आणि नकळत असे मानू लागतो की या माणसाला मरणाचीच ओढ होती. तसे नसते. त्याला जगण्याची ओढ असते. ती असूनही ऐन वेळी तो मागे फिरत नाही, म्हणून त्याच्या मरणाला मोल आहे.

त्या सकाळी काय घडले, ते थोडक्यात असे. आदल्या रात्री आपल्या पायदळाने बसंतरच्या पलीकडे पाय रोवले होते. सुरुंग पुरते निघालेले नसतानाही पूना हॉर्सचे रणगाडे पलीकडे गेले. सकाळी धुराच्या आडोशाने शत्रूचे रणगाडे चालून आले, आपल्या तुकडीने कुमक मागितली आणि अरुण आपला ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा घेऊन धावला. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यातले चार एकट्या अरुणच्या वाट्याचे. त्याच्या रणगाड्याला आग लागली. मागे फिर, असा आदेश आला. तोफ अजून चालते आहे, असे कळवून तो तिथेच राहिला, कारण तो हटला असता तर ती फळी फुटली असती. शेवटचा गोळा त्याला जवळून लागला. मरणोत्तर परमवीर चक्र त्याला मिळाले.

१३ जून ते १६ डिसेंबर. अधिकारी म्हणून त्याची नोकरी सहा महिने आणि तीन दिवसांची. आपल्याकडे एवढ्या काळात नव्या माणसाला कार्यालयातल्या सगळ्यांची नावेही पाठ होत नाहीत. आज तो असता तर पंचाहत्तरी ओलांडलेला निवृत्त अधिकारी असता, नातवंडांत रमला असता, गुडघेदुखीची तक्रार करत असता. युद्धात गेलेल्या तरुणाची मिळालेली वर्षे आपण मोजतो, पण खरा हिशेब न मिळालेल्या वर्षांचा असतो. लग्न, घर, मुले, म्हातारपण, भांडणे, चुका सुधारण्याची संधी, हे सगळे त्याने एका सकाळी देऊन टाकले.

त्या रणगाड्यात तो एकटा नव्हता. आणखी तिघे होते. त्यांपैकी सवार नंद सिंग यांनाही त्या दिवशी वीरमरण आले. परमवीर चक्र एकाला मिळते आणि ते योग्यच आहे. पण रणगाडा एकट्याने चालत नाही. कोणी तो हाकतो, कोणी तोफ लावतो, कोणी गोळे भरतो आणि बिनतारी यंत्र सांभाळतो. अरुणचे नाव घेताना नंद सिंगांचे नाव घेतले नाही, तर आपले स्मरण अपुरे राहते.

पुढची गोष्ट तीस वर्षांनंतरची. अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, २००१ साली वयाच्या ८१ व्या वर्षी आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी त्यांचा फार आदराने पाहुणचार केला. परतीच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितले, की १९७१ च्या त्या सकाळी अरुणसमोर तेच होते आणि त्यांच्याच हातून तो गेला. त्याच्या धैर्याला त्यांनी तोंडभरून दाद दिली. मुलाला मारणाऱ्याच्या घरी बसलेला बाप त्या क्षणी काय सोसत असेल, याची कल्पना आपण करू शकत नाही. पण ते ऐकून घेणारा बाप आणि ते बोलल्याशिवाय चैन न पडलेला सैनिक, या दोघांनीही अरुणची आठवण द्वेषाशिवाय जपली होती. हुतात्म्याचे नाव दुसऱ्याला शिवी देण्यासाठी वापरणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. प्रत्यक्ष लढलेल्यांना त्याची गरज वाटली नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सिल्लोड तालुक्यातले केळगाव. २२ जून २०१७ रोजी पूंछमध्ये नियंत्रण रेषेवर या गावचे नाईक संदीप जाधव यांना वीरमरण आले. त्यांच्यासोबत कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्याचे शिपाई सावन माने हेही गेले, वय अवघे २४. घोषित युद्ध नव्हते. त्या तारखेला देशात सुट्टी नसते, संचलन नसते. सीमेवर शांततेच्या काळातही माणसे जातात, आणि ती बहुतेक अशाच घरांतली असतात, जिथे पावसाच्या भरवशावरची थोडी शेती असते आणि भरतीचे पत्र म्हणजे घराचा आधार असतो. पार्थिव गावी येते तेव्हा पंचक्रोशी लोटते, ‘अमर रहे’च्या घोषणा घुमतात, पुढारी येतात, मदतीची आश्वासने दिली जातात. त्या दिवशी कोणीच कमी पडत नाही. खरी कसोटी पुढच्या वर्षांची. निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी वीरपत्नीला किती खेटे घालावे लागतात, मुलांच्या शाळेत त्यांच्या बापाचे नाव कोणाला ठाऊक असते का, आईशी कोणी त्याच्या लहानपणाबद्दल बोलते का, यावरून गावाचे स्मरण खरे की वरवरचे ते ठरते.

या शहराला स्मरणाची सवय आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानातल्या हुतात्मा स्मारकापाशी मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या वीरांना आपण मानवंदना देतो. याच शहरात १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावी झालेली, मिसरूडही न फुटलेली मुले तिथे पहाटे धावतात, दिवसभर गणित सोडवतात आणि प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करतात. त्यांतली जी निवडली जातात ती खडकवासल्याला जातात. तीन वर्षांनी ज्या मैदानावरून ती संचलन करत बाहेर पडतात, त्याचे नाव आहे खेत्रपाल परेड ग्राउंड. म्हणजे आपल्या शहरातून निघालेल्या मुलाची वाट अरुणच्या नावावरूनच पुढे जाते. रस्त्यात असा एखादा मुलगा दिसला, तर तो आपल्या सगळ्यांसाठी काय पणाला लावायला तयार झाला आहे, याची जाणीव आपल्याला असायला हवी. आणि ज्यांच्या हाती युद्ध आणि तहाचे निर्णय असतात, त्यांना ती सर्वांत आधी असायला हवी. तरुणाचा जीव स्वस्तात खर्च होऊ नये, ही मागणी त्याच्या शौर्याला कमीपणा आणत नाही. उलट शौर्याची किंमत कळलेला माणूसच ती करतो.

अरुणचा ‘फामागुस्ता’ नगरच्या रणगाडा दलाच्या केंद्रात जतन करून ठेवला आहे. त्याच गावात सर्वसामान्यांसाठी रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. शाळांच्या सहली वेरूळला जातात, देवगिरीला जातात. वर्षातून एकदा त्या नगरलाही जाव्यात. तोफेची लांबी आणि पोलादाची जाडी सांगून झाली, की मुलांना गोल्फच्या काठ्यांचीही गोष्ट सांगावी. म्हणजे आत बसलेला कोणी दंतकथेतला वीर नव्हता, आपल्या थोरल्या दादाएवढा होता, हे त्यांना कळेल.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी एवढेच मागणे. आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या एका हुतात्म्याचे नाव या वर्षी शोधून काढा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलेत तर वाट सापडेल. ते नाव घरातल्या मुलांना सांगा. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला हात आखडता घेऊ नका. जमले तर त्या घरी जा, आणि गेलात तर तो कसा गेला हे विचारू नका. तो कसा होता, एवढेच विचारा. त्याच्या आईला नेमके तेच सांगायचे असते.